सोमवारचे टायर

"वहिनीले नको विचारू बे. थे म्हणन, काळा घे."

नवीन टायर कोणते घ्यायचे यावर गजूभाऊ अंगणात माझ्या नवऱ्याला हे म्हणाले. मी खिडकीच्या आत भाजी निवडत होते. लग्न नुकतंच झालेलं. चारचाकी गाडी माझी, माहेरहून मीच चालवत आणलेली. सोमवार ते शनिवार मी गडचिरोलीहून धानोऱ्याच्या दवाखान्यात तिनेच ड्युटीला जाते. रविवारी माझा नवरा अमोल आणि त्याचे दोस्त गजूभाऊ तिला चंद्रपूरकडच्या रेसिंग ट्रॅकवर पळवतात. गप्प बसणाऱ्या माणसाजवळ किस्से आपोआप साचतात, टायरच्या खाचेत खडे साचावेत तसे.

*

गजूभाऊ टायर निवडतात ते नखाने. नख रुतलं की रबर नरम, आणि नरम म्हणजे ट्रॅकवर पकड. एकदा त्यांनी रांगेतल्या सगळ्या टायरांना नख लावलं. दुकानदार शेवटी म्हणाला, "भाऊ, भरताचं वांगं पाह्यजे असन तं बाजार समोरच आहे."

*

नखाने निवडलेले ते टायर बसले. रस्त्यावरची बारीक गिट्टी उचलायची आणि मडगार्डवर आपटायची, हाच त्यांचा उद्योग. मी घरी परतले, तर सासरे दारातून म्हणाले, "सूनबाई होय का? मले वाटलं, कोणी लाह्या फोडून राह्यलं."

*

ट्रॅकवर टायर तापले की आतली हवा फुगते, म्हणून हे दोघे गरम टायरमधून हवा सोडतात. घरी येईपर्यंत टायर थंड, हवा आणखी कमी. परत भरायची आठवण कोणालाच नाही. सोमवारी गाडी अशी चालायची, जणू धानाच्या बांधीत, चिखलात उतरलीय. मी विचारलं, तर गजूभाऊ म्हणाले, "वहिनी, जंगलाकडे हवाच पातळ असते."

तेव्हापासून हवेचं मीटर माझ्या डब्याच्या पिशवीत असतं. लोणच्याशेजारी.

*

मग पावसाळा लागला. या टायरांना खाचा थोड्या, पाण्याला बाहेर जायला जागाच नाही. धानोऱ्याच्या अलीकडे वळणावर ब्रेक दाबला, तर गाडी आडवी घसरत गेली आणि बकऱ्यांच्या कळपापासून हातभर अंतरावर थांबली. राखणारी म्हातारी काठी टेकून काचेतून डोकावली.

"बाई, बकऱ्या तं थांबल्या. गाडी काऊन नाई थांबत?"

घरी सांगितलं. गजूभाऊ म्हणाले, "टायर बराबर आहे. ब्रेक मारणं चुकलं." अमोल चपला घालून अंगणात निघून गेला.

*

ते टायर झिजले. परवा रविवारी आम्ही तिघं नवीन घ्यायला गेलो. बाहेर पाऊस. गजूभाऊंनी नख लावून पुन्हा तेच काढायला सांगितले. मेकॅनिकने जॅक लावला.

"वहिनी, तुम्ही बसा. चहा घ्या."

मी बसले. चहा घेतला. कप धुऊन ठेवला. मग गाडीची किल्ली गजूभाऊंच्या हातावर ठेवली.

"उद्या या पावसात धानोऱ्याले तुम्ही नेता का गाडी?"

गजूभाऊंनी किल्लीकडे पाहिलं, मग अमोलकडे. अमोलने किल्ली उचलून मला परत दिली.

मी दुकानदाराकडे वळले.

"काळेच द्या, भाऊ. पण पाणी कापणारे."