निपाणीपासूनची शिट्टी

कोल्हापूर सोडलं तेव्हा रेडिएटर काठोकाठ भरलेला होता, हे मी देवाशपथ सांगतो. बेळगावजवळ काटा लालपर्यंत गेला, गाडी उकळली. इंजिन निवल्यावर झाकण उघडलं तर आत निम्मं पाणी गायब! खाली रस्त्यावर थेंब नाही, नळीला ओल नाही. एप्रिलच्या उन्हात बॉनेट वर करून उभं राहायचं आणि बाटल्या ओतायच्या, याला आम्ही सहल म्हणत होतो.

आमची जीप डिझेलची, चारही चाकांना ओढ असलेली, वय वर्षं तेवीस. निवृत्तीनंतर हिच्यातूनच बदामी-हंपी करायचं, हे मी आणि सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, कधीचं ठरवलेलं. पण गेल्या दोन वर्षांत ही तीनदा वाटेत बसली होती. बेळगावच्या त्या झाडाखाली सुमननं पदरानं मान पुसली आणि सांगून टाकलं, "अहो, आता आणखी एकदा उकळली की विकायची. मला नाही सोसत." मी शब्द दिला. दुसरं काय करणार होतो?

खरं तर मला लाज वाटत होती. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. इंजिन न उघडता नुसतं ऐकून दुखणं सांगणारा माणूस मी. लोक ट्रॅक्टर घेऊन यायचे आणि म्हणायचे, "आधी साहेबांना ऐकवा." त्यामुळे निपाणीपासून सुमन "शिट्टीसारखं बारीक काहीतरी वाजतंय" म्हणत होती, तेव्हा मी म्हटलं होतं, "तुझ्या कानात वाजत असेल." कित्तूरला ती परत म्हणाली. "डिझेल आहे ते, बासरी थोडीच वाजवणार?" म्हणून मी तिला गप्प केलं. माझं निदान झालेलं होतं: हेड गॅस्केट गेलं, पाणी आतल्या आत जळतंय. तसं असेल तर हे मोठं काम, आणि या वयाच्या गाडीवर ते कुणी करत नाही.

कित्तूरच्या पुढं काटा पुन्हा चढू लागला. इंजिनाची उष्णता थोडी तरी बाहेर काढावी म्हणून मी हीटर पूर्ण सोडला. बाहेर आंब्याच्या बागा आणि मोकळी काळी शेतं, आत भट्टी. ते आंबे बघायचंही त्राण उरलं नव्हतं. धारवाडला सप्तापुरात चहाला थांबलो, तर टपरीवरच्या अक्कांनी निथळणाऱ्या आम्हा दोघांकडे बघून विचारलं, "एसी बिघडलाय काय हो?"

"नाही, हीटर लावलाय," मी म्हटलं.

अक्कांनी एकदा माझ्याकडे, मग सुमनकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या आधी तिच्यापुढं ठेवला. हुबळीत विद्यानगर ओलांडल्यावर परशुरामअण्णांचं गॅरेज लागेल, हेही त्यांनीच सांगितलं.

परशुरामअण्णा साठीला आलेले, घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारे. मी उतरल्या उतरल्या निदान ऐकवलं. ते म्हणाले, "स्वल्प तडीरी (जरा थांबा). बघूया की." तासभर इंजिन निवू दिलं. मग ऑइलची पट्टी काढून बोटावर तेल चोळलं. दुधाळपणा नाही, म्हणजे तेलात पाणी नाही. रेडिएटर भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडे नाहीत. मागं जाऊन धूर हुंगून आले.

"गॅस्केट शाबूत आहे बघा, साहेब."

"मग पाणी जातंय कुठं?"

अण्णांनी हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याचं टोक चालत्या इंजिनाला इथंतिथं टेकवत लाकडी मूठ उजव्या कानाला लावली. वॉटर पंपापाशी ते थांबले. "हां," म्हणाले आणि मूठ माझ्याकडे केली. "केळ्री (ऐका)."

मी ऐकलं. धडधड, धडधड. चाळीस वर्षं ओळखीची. "ठीक तर आहे," मी म्हणालो.

अण्णांनी मूठ तशीच धरून ठेवली. मी दुसरा कान लावला. तेच. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर सुमनच्या हातात दिला. तिनं मूठ कानाला लावली मात्र, चटका बसल्यासारखं डोकं मागं घेतलं.

"अगंबाई, हीच! निपाणीपासून हीच शिट्टी म्हणतेय मी!"

अण्णांनी इंजिन बंद केलं आणि पंखा हातानं हलवला. तो डुगडुगत होता. पंपाचं बेअरिंग खलास झालं होतं. तिथून झिरपणारं पाणी पंखा मागं उडवायचा आणि गरम इंजिनावर ते वाळून जायचं. मागं नुसते पांढरे ओघळ. "असंच हंपीला गेला असता, तर पंखा सुटून रेडिएटरात घुसला असता," अण्णा म्हणाले. मग हात पुसत, हळूच, "बारीक आवाज आधी जातोय, साहेब. माझाही डावा कान गेलाय. इंजिन ऐकणाऱ्याचा कान इंजिनच खातं."

पंप दुसऱ्या दिवशी येणार होता. लॉजवर बसवेना, म्हणून संध्याकाळी दुर्गदबैलच्या बाजारात गेलो. हातगाड्या, रिक्षा, कापडाचे ढीग, आणि सगळा गोंगाट मला छान ऐकू येत होता, हीच तर गंमत. एका गाड्यावर गिरमिट (चुरमुऱ्यांचा ओला, तिखट प्रकार) आणि मिरची भजी घेतली. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील." ती भज्याचं देठ मोडत राहिली. "फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो पीं पीं करतो, तुम्ही शेजारी पेपर वाचत बसता. आणि मुक्ता."

मुक्ता आमची नात, सहा वर्षांची, पुण्यात असते. रोज फोन करते.

"ती काय काय सांगते, आणि तुम्ही नुसतं हो हो करता. परवा विचारत होती, आजोबा माझं ऐकत का नाहीत?"

मला वाटायचं, फोन खराब आहे. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? इंजिन तेवढं कळतं म्हणून मान ताठ होती तुमची. ती कशी मोडू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पंप बसला. हंपीला जायचं बळ दोघांतही नव्हतं. गाडी विकूया, असं मीच म्हणालो. ज्या माणसाला आपल्या इंजिनाची बोंब ऐकू येत नाही त्यानं गाडी कशाला ठेवायची? सुमननं धारवाडी पेढ्यांचा पुडा मागच्या सीटवर ठेवला आणि शेजारी येऊन बसली.

"गाडी राहू दे. मी थांबा म्हटलं की थांबायचं, एवढंच."

परतीच्या वाटेवर काटा मधोमध राहिला. तवंदी घाटाच्या चढावर मी तिला विचारलं, "काय म्हणतंय गं इंजिन?" लग्नाला सदतीस वर्षं झाली, हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. तिनं काच वर केली, नीट ऐकलं. "काही नाही. चला."

घाट उतरून निपाणीला चहाला थांबलो, तोच मुक्ताचा फोन आला. मी तो कानाला लावला. पलीकडे ती भराभरा काहीतरी सांगत होती आणि माझ्यापर्यंत नुसती कुजबुज पोचत होती. 'हो हो' अगदी ओठांवर आलं. सुमन माझ्याकडे बघत होती.

"बाळा," मी म्हटलं, "आजोबांना ऐकू आलं नाही. परत सांग, सावकाश."