दंडारीतला साधू

बिरसीचा केवळराम धानाची शेती करायचा, पण त्याचा खरा जीव दंडारीत, गावच्या सोंगांच्या खेळात. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरली, की त्याची दंडार पाहायला लोक बैलबंड्या जुंपून यायचे. तो साधू व्हायचा. अंगाला राख फासून दारूविरुद्ध असा काही बोलायचा, की बायका पदरानं डोळे पुसायच्या. चौपन्न सालच्या मंडईत तर गावातल्या छोटेलालनं भर खेळात त्याचे पाय धरले आणि दारू सोडली.

त्याच संध्याकाळी शाळेतले भैयाजी गुरुजी त्याचं कौतुक करायला घरी आले. साधू महाराज अंगणात बाजेवर बसून मोहाची घेत होते. कानामागची राख अजून तशीच.

"हिपोक्रिट!" एवढं बोलून गुरुजी तडक परत फिरले.

शब्द कळला नाही, सूर कळला. सकाळी केवळराम शाळेत गेला.

"गुरुजी, काल मले काय म्हनलात?"

"ढोंगी. लोकांना सांगायचं एक, आपण करायचं दुसरं."

केवळरामचं जेवणावरून मन उडालं. बायको रुख्मा म्हणाली, "खरं बोलले, त काऊन झोंबून राहिलं?"

पुढल्या आठवड्यात गुरुजी स्वतःहून आले. "मी शब्दकोश पाहिला. फार पूर्वी ग्रीस देशात नाटकात सोंग घेणाऱ्यालाच तसं म्हणत. शिवी मागाहून झाली."

केवळराम हसला. "खेळात मी तोच होय, गुरुजी. पन छोटेलाल पाया पडला, तवा मी सोंग उतरवलं नाही. तेच चुकलं."

तो उठला आणि थेट छोटेलालच्या घरी गेला. "छोटेलाल, मी पितो."

छोटेलाल सुपारी कातरत होता. "साऱ्या गावाले ठाऊक हाय. मी साधूचं ऐकलो, तुमचं कायले ऐकू?"

आतून त्याची बायको गीताबाई खळखळून हसली. केवळरामही पोट धरून हसला. किती दिवसांचं ओझं उतरलं!

त्याची दारू काही एकदम सुटली नाही, कमी मात्र झाली. पुढच्या मंडईत त्यानं खेळच बदलला. साधूचा उपदेश रंगात आला, की एक शिपाई येऊन त्याचा कमंडलू हुंगायचा आणि साधूची जटा हातात धरून त्याला गोल फिरवायचा. लोक हसून लोटपोट व्हायचे. शिपायाचं काम छोटेलालनं हट्टानं मागून घेतलं होतं, आणि पगडी गीताबाईनं आपल्या लुगड्याची बांधून दिली होती.