मामा काय म्हणाला होता

माझ्या मामाकडे सगळे मिळून शंभरेक शब्द असतील. त्यातले निम्मे 'हे', 'ते' आणि 'तसलं'. "ते तसलं घे, त्याला लाव, मग हे कर." मामी म्हणायची, "लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं, माझं नावच 'अगं ते' आहे."

पाणी उपसणाऱ्या पंपघरात त्याने एकतीस वर्षं काढली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग तो सांगायचा, "हे अजून चार दिवस." चौथ्या दिवशी बेअरिंग उघडलं की आतल्या गोळ्या झिजलेल्या निघायच्या. अशा माणसाला आमच्या घरात सगळे मठ्ठ म्हणायचे. मीही म्हणायचे. मी कॉलेजात भाषा शिकवते, तेव्हा मला तर तो हक्कच वाटायचा.

मुख्य पंपचालकाची जागा रिकामी झाली. नव्या साहेबांनी मुलाखती ठेवल्या.

"पंप बिघडतोय हे तुम्हाला कसं कळतं?"

"तो वेगळा बोलतो, साहेब."

"वेगळा म्हणजे?"

"म्हणजे... रोजच्यासारखा नाही."

साहेब हसले आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'आकलन कमी'. जागा मिळाली स्टोअरमधल्या एका बोलघेवड्याला. त्याने 'कंपन', 'घर्षण' आणि 'कार्यक्षमता' एका दमात म्हणून दाखवलं होतं. पहिल्या दिवशी त्याला पंप बंद करायचं बटण कुठलं ते मामानेच दाखवलं. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, दुसरं काय! मामाला फाटकावर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मामा म्हणाला, "जाऊ दे गं."

पण त्याचा कान पंपघराकडेच असायचा. एका सोमवारी दुपारी तो तडक माझ्या कॉलेजात आला. घामाने निथळत होता.

"तीन नंबरचा पंप गेलाय. मी सांगितलं, तर म्हणतात लेखी द्या. तू लिही."

"काय लिहू?"

"तीन नंबर आज बंद करा. माणूस जाईल."

एवढंच? माझा राग उसळून आला. म्हटलं, थांबा, आता दाखवतेच या साहेबांना आमच्या घराण्याची बुद्धी. दोन पानं लिहिली. प्रस्तावना, पार्श्वभूमी, एकतीस वर्षांचा अनुभव, सगळं घातलं. एकेक शब्द असा निवडला की साहेबांनी शब्दकोश उघडावा. मामाने न वाचता सही केली. भाची लिहिते म्हटल्यावर वाचायचं कशाला?

साहेब खूष झाले. त्यांनी 'उत्कृष्ट अहवाल' असा शेरा मारला आणि विषय गुरुवारच्या बैठकीत ठेवला. बुधवारी सकाळी तीन नंबरचा दांडा चालता चालता तुटला. शेजारी मामाचा बारा वर्षांपासूनचा जोडीदार उभा होता. त्याचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला.

दवाखान्याच्या बोळात साहेब दिसले आणि माझा तोल सुटला. "लेखी दिलं होतं ना तुम्हाला? माणसं मेल्यावरच डोळे उघडतात का तुमचे?" लोक वळून बघायला लागले. साहेबांनी बॅगेतून तीच दोन पानं काढली आणि माझ्यापुढे धरली.

"आज बंद करा, असं यात कुठं आहे ते दाखवा, बाई."

मी पहिलं पान पाहिलं. नव्हतं. दुसऱ्या पानाच्या तळाशी होतं, 'सदर यंत्राच्या कार्यान्वयनाबाबत यथाशीघ्र पुनर्विचार होणे इष्ट ठरेल.' माझंच अक्षर. त्या क्षणी मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मामा बाकावर बसला होता. त्याच्या शर्टाला जोडीदाराचं रक्त लागलं होतं. जन्मात त्याने माझ्यावर आवाज चढवला नव्हता.

"वाच," तो ओरडला. "मोठ्यानं वाच. मी काय म्हणालो ते मला तरी कळू दे!"