उपवासाला चालणारा द्राक्षरस

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक रसाचं दुकान होतं. चालवणारा माझ्याच वयाचा मुसलमान होता. सगळी गल्ली त्याला भाई म्हणायची. हंगामात तो जवळच्या नान्नजच्या मळ्यांतून घडातून गळालेले द्राक्षांचे मणी आणायचा. ते स्वस्त पडत, पण आमच्या उन्हात त्यांचा रस दुपारपर्यंतही टिकत नसे. फेस यायचा, आंबूस वास सुटायचा.

नासाडीपेक्षा त्याला त्या वासाचीच धास्ती होती.

"सर, अंगूर आंबला की त्याची दारू व्हती," तो मला म्हणाला. "आमच्यातले म्हणतील, नमाज पढतो आणि दारू इकतो. काय तरी करा की. पण दवा नको हां. लेकरं पित्यात."

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. रस आंबवणाऱ्या जंतूंना थोपवेल असं स्वयंपाकघरातलंच काही सापडतं का, हे बघायला मी बाटल्या भरून ठेवल्या. कशात लवंग, कशात दालचिनी, आलं, मोहरी. लवंगेनं रस टिकला, पण दंतमंजनासारखा लागायला लागला. मोहरीची पूड नुसती टाकून काही होईना. आंबट रसात तिचा झणका उठतच नव्हता. मग आई लोणच्यासाठी फेसते तशी मी मोहरी आधी साध्या पाण्यात फेसली, नाकाला झोंबायला लागल्यावर गाळली आणि ते पाणी अगदी थोडं रसात घातलं. रस दुसऱ्या दिवशीही गोड होता, आणि चवीत काही कळत नव्हतं.

भाईनं पेला रिकामा केला. "सर, तुमच्या हातात जादू हाय."

"जादू नाही, मोहरी," मी म्हणालो, आणि दोघंही हसलो. तेव्हापासून कॉलेजला जाण्याआधी दुकानात जाऊन मीच ते पाणी घालून देऊ लागलो. प्रमाण चुकू नये म्हणून दुसऱ्याला हात लावू देत नसे.

महाशिवरात्र आली. भाईनं विचारलं, "फळाचा रस तुमच्या उपासाला चालतो न्हवं?"

"न चालायला काय झालं?" मी म्हणालो आणि खडूनं पाटीवर मीच लिहिलं, 'उपवासाला चालेल'.

उपवासाला मोहरी चालत नाही हे आमच्याकडच्या पोरालाही माहीत असतं. आई त्या दिवशी बटाट्याला जिऱ्याची फोडणी द्यायची. मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात ती मोहरी उरलीच नव्हती, ती जंतू मारायची वस्तू झाली होती. भाईला मात्र खरंच माहीत नव्हतं, म्हणून तर त्यानं मला विचारलं होतं.

सकाळी एक बाटली मी आईला घरी नेऊन दिली आणि परत दुकानावर आलो. सिद्धेश्वराच्या देवळातून परतणाऱ्या बायकांनी दुकान भरलं होतं. गर्दीसाठी जास्त काढलेला रस दिवसभर टिकावा म्हणून त्या दिवशी मोहरीचं पाणी घालताना मी हात जरा सैल सोडला होता.

"अगं बाई, नाकात गेलं की! ह्यात मोहरी हाय," एक म्हातारी म्हणाली.

"रसात कुटनं मोहरी येतीया? तुझ्या नाकातच असंल," तिच्यासोबतची हसली.

"लोणची घालून केस पिकलं माजं. मला मोहरी शिकवती व्हय?"

कुणीतरी आत वाकून फळीवरचा वाडगा उचलला. मोहरी त्यातच फेसलेली होती. "उपास मोडायला घातली का रं?" एकानं विचारलं. भाई माझ्याकडे बघत राहिला. बघण्यात आरोप नव्हता. शेजारचा माणूस आता बोलेल, एवढीच खात्री होती.

"सर, तुम्ही कॉलेजातले. तुम्हीच वास घेऊन सांगा," गर्दीतून कुणी म्हणालं.

मी वाडगा नाकाशी नेला. "हो, मोहरीच आहे," म्हणालो. शब्द खरे होते. आवाज मात्र दुसऱ्याची चीज तपासणाऱ्या माणसाचा होता. भाईनं हात जोडले. "चुकी झाली, बायांनो, माफ करा." माझं नाव त्यानं घेतलं नाही.

एवढ्यावर कदाचित निभावलं असतं. चार दिवसांत लोक विसरले असते. पण संध्याकाळी आईनं विचारलं, "त्याच्या रसात मोहरी होती म्हणे. मीही प्यायले की रे." तिचा चेहरा बघून मी म्हणालो, "आपल्या बाटलीत नव्हती."

आईचा जीव भांड्यात पडला. तिनं ते शेजारी सांगितलं, शेजारणीनं पुढे. आठवड्याभरात गल्लीत त्याचा पुरावा झाला: ओळखीच्या घरी चांगला रस देतो, आणि बाकीच्यांचा उपास मुद्दाम मोडतो. चुकीला माफी होती, मुद्दाम केल्याला नव्हती. त्याच्याकडचं गिऱ्हाईक तुटलं. मी आईचं मन जपलं, असं पुढे मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे आई रागावणारी बाईच नव्हती. मला माझं 'सर' जपायचं होतं.

हंगाम सरायच्या आत तो टेंभुर्णीला सासऱ्याकडे निघाला. सामान बांधत होता. मी गेलो, बोलायचं ठरवून गेलो होतो.

"तुमच्या आईनं असं कसं सांगितलं, सर?" त्यानं विचारलं. "बाटली तर त्याच भांड्यातली."

"आईला नीट कळलं नसेल," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि दोरीची गाठ मारायला खाली वाकला. पुन्हा आमची भेट झाली नाही.

आई गेली. भाईही गेल्याचं ऐकलं. परवा एका लग्नात पंगतीत आमच्या गल्लीतला एक तरुण ही गोष्ट रंगवून सांगत होता. तेव्हा तो जन्मलाही नव्हता. "मुद्दामच केलं होतं," तो म्हणाला. "ह्यांच्या आईच्या बाटलीत नव्हती ना! विचारा की ह्यांनाच." सगळे माझ्याकडे वळले. मी वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागितला.

म्हणून आता लिहून ठेवतो. मोहरी मी घातली होती. आईच्या बाटलीतही होती.