उरलेली तीन अक्षरे

चांदीचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात त्याने चौतीस वर्षे पॉलिशच्या चाकासमोर काढली. निवृत्तीनंतर तो जुन्या बाजारातून चहाच्या किटल्या, दूधदाण्या, साखरदाण्या आणू लागला, तेव्हा घरच्यांना वाटले की म्हाताऱ्याला छंद जडला. तो वस्तू उजेडात तिरपी धरी, तिच्या पोटाच्या गोलाईवर कुठे किंचित खोलगट लागते का हे अंगठ्याने चाचपी आणि मग तिथे तोंडाची वाफ सोडी. तो खोलगटपणा त्याच्याच हाताचा असे. दुसऱ्या कोणी घासलेली वस्तू तो जागच्या जागी परत ठेवी.

कारखान्याचा मालक मोडलेल्या संसारांतले जुने सेट उचलून आणी. त्यांवर कोणाची ना कोणाची नावे कोरलेली असत. परक्या नावाच्या किटलीला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून नवा मुलामा चढवण्याआधी नाव घासून काढणे हे त्याचे काम होते. परंतु कोरणाऱ्याच्या हत्याराचा दाब धातूत खोल उतरलेला असतो. वापराने मुलामा पातळ झाला की उबदार श्वासाखाली तीच अक्षरे धुक्यातून वर येतात, आणि धुके ओसरताच नाहीशी होतात.

"बाबा, आपण चहा पितो स्टीलच्या पातेल्यातला आणि कपाटात किटल्या बावन्न! पाहुणे येणार तरी किती?" सून विचारी.

"आलेत की सगळे," तो म्हणे.

ती हसे. तो हसत नसे.

या बावन्नांत त्याला हवी ती एक नव्हती. एकोणतीस वर्षांपूर्वी एक शिक्षिका कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या भावाने आईची किटली न विचारता विकली होती, आणि ती इथेच दिली असे भावाचे म्हणणे होते. किटलीवर आईचे पाच अक्षरी नाव होते. त्या क्षणी ती किटली त्याच्या हातात, चाकाआड होती. दोन अक्षरे गेली होती, तीन उरली होती. मालक आतून पाहत होता.

"अशी किटली इथं आलेली नाही, बाई," तो चाकामागूनच म्हणाला.

तिने कागदावर पत्ता लिहून दिला. "आली तर कळवा."

ती वळली, आणि त्याने चाक पुन्हा सुरू केले. पहिली दोन अक्षरे त्याने नोकरीपायी पुसली होती. उरलेल्या तीन अक्षरांसाठी त्याला अशी कोणतीही सबब पुढे कधी सापडली नाही.

गेल्या महिन्यात जुन्या बाजारात एका खोक्याच्या तळाशी ती किटली निघाली. अंगठ्याला जागा ओळखीची लागली, पण पॉलिशची धूळ खाऊन खाऊन त्याच्या छातीत आता पुरेसा श्वास उरलेला नव्हता. घरी आल्यावर त्याने ती सुनेपुढे धरली. "जरा वाफ सोड गं इथं."

तिने सोडली, आणि वर आलेले नाव मोठ्याने वाचले. तेच पाच अक्षरी नाव होते. मग त्याने तिला सगळे सांगितले.

"मग आता काय?" ती म्हणाली. "त्रेपन्नावी म्हणून कपाटात ठेवणार?"

सुनेला घेऊन तो निघाला. जपून ठेवलेल्या कागदावरचा पत्ता बदललेला नव्हता. शिक्षिकेचे केस पांढरे झाले होते. खोलीत एकच खुर्ची होती, ती तिने त्याला दिली. त्याने किटली टेबलावर ठेवली आणि तो जे बोलायला आला होता ते, दोन-तीनदा दम घेत, बोलला. तिने वाकून किटलीवर श्वास सोडला. अक्षरे आली, गेली. तिने पुन्हा सोडला नाही.

"भाऊ शपथेवर सांगत होता, तुमच्याकडेच दिली म्हणून," ती म्हणाली. "मी त्याला म्हटलं, वर तोंड करून खोटंही बोलतोस? त्यानंतर मी त्याच्या घरची पायरी चढले नाही. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन. मी अंत्यदर्शनालाही गेले नाही."

त्याची हे ऐकण्याची तयारी नव्हती. इतकी वर्षे तो एका नावाचा अपराधी म्हणून जगला होता.

"बाई, मला जी शिक्षा द्याल ती—"

"माझ्यापुढं नका हात जोडू. माझ्या भाच्याला अजून वाटतं, बाप खोटारडा होता. मीच त्याला लहानपणी तसं सांगितलंय."

तिने फोन जवळ ओढला. भावाच्या घरचा, आता भाच्याचा, नंबर तिला पाठ होता. इतक्या वर्षांत तिने तो लावला मात्र नव्हता. लावून तिने रिसीव्हर त्याच्या हातात दिला. पलीकडे घंटा वाजू लागली. सुनेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने छातीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला आणि वाट पाहिली.

"हॅलो?" एका पुरुषाचा आवाज आला. "कोण बोलतंय?"