कोथिंबिरीचा रकाना

मंडईत सुमनताईंच्या गाळ्यापुढे एक मुलगी छापील कागद घेऊन उभी होती. उपयोजित अर्थशास्त्रात एम.ए. करतेय, म्हणाली, भाजीबाजाराची पाहणी हा तिचा प्रकल्प. माझी भेंडी तोलून झाली आणि सुमनताईंनी सवयीने मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकली.

"मावशी, ही कितीची?" मुलीने विचारलं.

"ही विकायची नसते गं. वर घालायची असते, रोजच्या माणसांना."

मुलीने कागद उलटसुलट पाहिला. भाव, वजन, आवक, नासाडी, सगळ्याला रकाने होते; या मुठीला नव्हता. मग तिने कडेला हाताने एक उभी रेघ ओढली.

मला चक्क हेवा वाटला. आम्ही हाच विषय गाइडमधून घोकला. मागणीची रेषा डोळे मिटून काढायचो, पण मंडईत कधी कोणाला काही विचारलं नाही.

"पुढे काय करणार?" मी विचारलं.

"बँक, सरकारी नियोजन, नाहीतर संशोधन. जिथे घेतील तिथे," ती हसली.

घेतीलच. उद्या एखाद्या मोठ्या कचेरीत तिच्यापुढे तक्ता येईल, सगळं आलंय म्हणून कोणी सांगेल. तेव्हा ती क्षणभर थांबेल, कडेची कोरी जागा शोधेल. तेवढं झालं तरी पुष्कळ.

निघताना मागे पाहिलं. मुलीने काहीच विकत घेतलं नव्हतं, तरी सुमनताई तिच्या बॅगेत कोथिंबीर कोंबत होत्या. आणि ती, हसत, नव्या रकान्यात पहिली नोंद स्वतःचीच करत होती.