रूथबाईंची फळ्यावरची ओळ

रूथबाईंना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. शिकवताना त्या खिडकीपासून दारापर्यंत फिरत, मुठीतला किल्ल्यांचा जुडगा वाजत राही आणि समोरच्या बायकांच्या माना इकडून तिकडे वळत. "बाई, जरा थांबा की, मान मोडली आमची," एखादी म्हणे. "मोडू दे, पण झोपू नका," बाईंचं उत्तर तयार.

मुलांनो, तुम्ही दोघं आता ऑफिसात ट्रेनिंग देता, म्हणून या बाई तुम्हाला माहीत हव्यात. सत्तरनंतरच्या त्या दुष्काळी वर्षांत मी कर्जतकडच्या एका आरोग्य केंद्रात नवखी नर्स होते. रूथबाई माझ्या वरिष्ठ. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या, गावोगावच्या सुइणींना शिकवणाऱ्या. वर्गाआधी फळ्यावर त्या दिवसाच्या उद्दिष्टाची एकच ओळ लिहायची, ही त्यांची शिस्त. मी पहिल्यांदा लिहिलं, 'स्वच्छतेचं महत्त्व समजावणे.' त्यांनी डस्टर उचललं. "समजलं हे मला कुठून दिसणार गं? संध्याकाळी ही बाई काय करून दाखवेल, ते लिही."

"कळलं का?" हा प्रश्न त्यांच्या वर्गात बंद होता. "विचारलं की सगळ्या माना हलवतात. माना हलवायला बोलावलंय का त्यांना?"

शेवटच्या दिवशी ओळ होती : 'प्रत्येक बाई उकळलेलं पातं कशालाही न पुसता नाळ कापेल.' चिंध्यांचं बाळ, सुती दोरीची नाळ, स्टोव्हवर पातेलं. इतर सगळ्या पास झाल्या. अडल्या त्या गयाबाई. अर्धं गाव त्यांच्या हातांत जन्मलेलं. त्या हात धुवत, नाळ बांधत, पण उकळलेलं पातं उचललं की डावा हात पदर घेऊन पुढे येई. ओलं पातं पुसून कोरडं! पुन्हा करायला लावलं, पुन्हा पदर.

व्हरांड्यात आरोग्य खात्याचे साहेब येऊन बसले होते. शिकून तयार झालेल्या सुइणीला त्यांच्या हस्ते सामानाची पेटी मिळायची. "सिस्टर, एका बाईसाठी किती खोळंबा? देऊन टाका पेटी."

"आणि पदरातून बाळाला धनुर्वात झाला तर, साहेब?"

गयाबाईंचा चेहरा उतरला. "पेटीबिगर गेले तर गावात कोन बोलावल मला? सून दिवसांत हाय माझी. तीबी हात लावू द्यायची न्हाई."

बाईंच्या फेऱ्या वाढल्या, किल्ल्या जोरात वाजू लागल्या. "पुसू नका म्हटलं ना, गयाबाई!"

"मी कुठं पुसते? हात पुसतोय. मोकळा ऱ्हायला की पदराकडं जातोय. तुमचं पाय तरी ऱ्हात्यात का एका जागी?"

वर्ग खदखदून हसला. बाई थांबल्या. किल्ल्याही थांबल्या. मग त्यांनी स्वतःची ओळ पुसली. "चुकलं माझं. काय करायचं नाही तेवढं सांगितलं. त्या हातानं करायचं काय, ते सांगितलंच नाही." आणि लिहिलं : 'डाव्या हातानं नाळ धरायची. कापून होईपर्यंत सोडायची नाही.' मग तीच ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.

गयाबाईंनी नाळ धरली. पातं उचललं. डावा हात चुळबुळला, पण जागचा हलला नाही. दोरी कापली गेली. बाईंनी सगळं पुन्हा करवून घेतलं, मगच पेटी दिली. साहेबांचा चहा केव्हाच गार झाला होता.

पुढे सून बाळंत झाल्याचा निरोप आला. गयाबाईंनीच सोडवलं होतं. धनुर्वाताची धास्ती टळेपर्यंत बाई एसटीचा आवाज आला की फाटकाशी जात. अखेर एके दुपारी गयाबाई उतरल्या आणि रस्त्यातूनच ओरडल्या, "सोडली न्हाई, बाई, नाळ! दूध वढतंय पोरगं, लई वरडतंय!" बाई "बरं" म्हणाल्या आणि पायरीवर मटकन बसल्या.

फार वर्षांनी नगरच्या दवाखान्यात त्यांना शेवटचं भेटले. पायांतलं बळ गेलं होतं. बोटं मात्र चादर चुरगाळत होती. "आजी, आराम करा," तरुण नर्स म्हणाली. "आराम कर म्हणजे काय कर?" बाई कुरकुरल्या.

मी खुर्ची जवळ ओढली. "बाई, डाव्या हातानं माझा हात धरा. मी उठेपर्यंत सोडायचा नाही."

त्यांनी धरला. बोटं शांत झाली. निघायची वेळ झाली तरी मला उठवेना.